पाटावरचे दुसरे पाकीट

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर काय मांडावे, याबद्दल आमच्या घरात कधी वाद झालेला नाही. नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, चांदीचे एक नाणे आणि वर्षभराचे हिशेबाचे कागद. आम्ही काही व्यापारी नव्हे. भोसरीच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून पंचवीस वर्षे लोखंडी भागांची मापे घेण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा चोपडीच्या जागी आमच्याकडे बँकेची पासबुके, पोस्टाची सर्टिफिकिटे आणि विम्याच्या पावत्या, एवढाच काय तो खजिना. पण त्यालाही हळदीकुंकू लागते, आणि ते लावण्याचा मान सौभाग्यवतींचा.

२००८ साली लक्ष्मीपूजन २८ ऑक्टोबरला आले होते. सौभाग्यवतींनी कागद मांडले, कुंकवाची बोटे लावली आणि माझ्याकडे न पाहताच विचारले, "अहो, ते दुसरं पाकीट कुठे आहे?"

"कुठलं दुसरं?" मी म्हटले.

"पोस्टमन मला देऊन गेला होता ते. कपाटात तुमच्या स्वेटरखाली होतं बघा."

वाचकहो, त्या पाकिटात काय होते ते सांगण्यासाठीच यंदाचा हा हिशेब मांडला आहे. अठरा वर्षांच्या आसपास मी तो टाळत आलो. यंदा टाळता आला नाही, त्याचे कारण पुढे येईलच.

२००७ साली कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि मी ती घेतली. हाती आलेल्या पैशांतून बरेचसे बँकेत ठेवले. दोन लाख मात्र बाजूला काढले. मुलगी तेव्हा दहावीच्या उंबरठ्यावर होती. पुढे इंजिनिअरिंगला जाणार हे तिने स्वतःच जाहीर केले होते. हे दोन लाख तिचे, असे मी मनात ठरवले आणि ते वाढवायच्या मागे लागलो.

त्या वर्षी मोशीत राहणाऱ्या माणसाला 'प्रगती' हा शब्द कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मोशी १९९७ साली महापालिकेत आली, तरी बराच काळ गावच राहिली होती. आता मात्र गच्चीवर उभे राहिले की चहूकडे जेसीबीच दिसत. इंद्रायणीच्या पुलावरून नाशिक रस्त्याने सिमेंटचे मिक्सर रात्रंदिवस चाकणकडे धावत. तिकडे फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहत होता, तळेगावात जनरल मोटर्सचा. जिकडे तिकडे खडी, सळ्या आणि क्रेन! आणि नेमके त्याच सुमारास म्युच्युअल फंडांचे एजंट एक नवा मंत्र घेऊन दारोदार फिरत होते : 'इन्फ्रास्ट्रक्चर'. रस्ते, पूल, वीज, बंदरे बांधणाऱ्या कंपन्यांचेच शेअर घेणारा फंड. मी म्हटले, यात न समजण्यासारखे काय आहे? जे डोळ्यांना दिसते तेच तर घ्यायचे! जानेवारी २००८च्या पहिल्या आठवड्यात मी दोन लाखांचा चेक फाडला. ८ जानेवारीला सेन्सेक्स एकवीस हजारांच्या वर जाऊन आला. त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. कशाचे, ते सांगितले नाही.

पुढचे पुष्कळांच्या स्मरणात असेल. अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि इकडचा बाजार घसरू लागला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, सेन्सेक्स दिवसभरात एकदा आठ हजारांच्याही खाली गेला. स्वेटरखालच्या पाकिटात माझ्या दोन लाखांचे पंच्याऐंशी हजार उरल्याचे लिहिले होते.

सौभाग्यवतींनी ते पाकीट पाटावर ठेवून त्यालाही कुंकू लावले. बोलल्या काहीच नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते. मार्च २००९मध्ये माझा धीर सुटला आणि मी सगळे विकून शहात्तर हजार मोकळे केले. त्यानंतर दोन महिन्यांनी, १८ मे रोजी, निवडणुकीच्या निकालानंतर बाजार इतका उसळला की व्यवहार थांबवावे लागले! त्या दिवशी मी वर्तमानपत्र उघडलेच नाही.

आता दुसरी बाजू ऐका. चाकणच्या कारखान्यांत येणारी परगावची पोरे मोशीत खोल्या करून राहू लागली, तेव्हा २००६ सालापासून सौभाग्यवतींनी पोळीभाजीचे डबे सुरू केले होते. त्यांच्या भिशीत बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या सांगण्यावरून डब्यांच्या कमाईतले महिना हजार रुपये त्या एका निर्देशांकाच्या फंडात टाकीत. मी तेव्हा या फंडाची थट्टाच करीत असे. ज्या फंडात कोणी निवड करीत नाही, अभ्यास करीत नाही, त्याला पैसे द्यायचे कशाला?

तो फंड म्हणजे काय, ते मला कळले ते आषाढातल्या दिंडीवरून. आळंदी आमच्यापासून फार दूर नाही. माऊलींची पालखी निघते तेव्हा आम्ही दर्शनाला जातो. दिंडीत कोणी झपाझप चालतो, कोणाच्या पायाला फोड येतात. कोणी वाटेत थांबतो आणि त्याच्या जागी नवा माणूस टाळ हाती घेतो. दिंडी मात्र पुढे जात राहते. निर्देशांक असाच. १९८६ साली सेन्सेक्स सुरू झाला, तेव्हाच्या तीस कंपन्यांत पद्मिनी मोटारीवाली प्रीमियर होती, अँबॅसिडरवाली हिंदुस्थान मोटर्स होती, बॉम्बे डाइंग होती, आपल्या पुण्याच्या भारत फोर्ज आणि किर्लोस्कर कमिन्सही होत्या. त्या यादीतल्या बोटांवर मोजण्याइतक्याच कंपन्या पुढे टिकल्या. बाकीच्यांच्या जागी इतर आल्या. जानेवारी २००९मध्ये सत्यमच्या मालकाने खोट्या हिशेबाची कबुली दिली आणि एका दिवसात तो शेअर तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. ज्याने एकट्या सत्यममध्ये पैसे घातले होते तो बुडाला. दिंडीबरोबर चालणाऱ्याला ठेच लागली, पण पुढच्या काही दिवसांतच सत्यम दिंडीबाहेर गेली आणि दुसरी कंपनी आत आली.

अमेरिकेत जॉन बोगल नावाच्या गृहस्थांनी १९७६ साली सामान्य माणसासाठी असा पहिला फंड काढला. पंधरा कोटी डॉलर जमतील अशी अपेक्षा होती, जमले सव्वा कोटीच्याही आत. 'बोगलचा मूर्खपणा' म्हणून लोक हसले. आपल्याकडे असे फंड १९९८-९९च्या सुमारास आले आणि पुष्कळ वर्षे कोपऱ्यात पडून राहिले. त्यांना उचलून धरण्यात एजंटाचा फायदा थोडा, आणि आपल्यासारख्यांना वाटायचे की स्वस्त ते निकृष्ट.

या स्वस्ताईचा हिशेब मी तपासनिसाच्या सवयीने एकदा करून पाहिला. एक लाख रुपये वीस वर्षे ठेवले आणि बाजार दरसाल बारा टक्क्यांनी वाढला असे धरू. हे केवळ हिशेबापुरते हो, बाजार असा सरळ कधीच चालत नाही. फंडाचा खर्च वर्षाला दोन टक्के असेल तर हाती सुमारे सहा लाख बाहत्तर हजार येतात. खर्च टक्क्याचा पाचवा हिस्साच असेल, तर नऊ लाख तीस हजार. फरक अडीच लाखांचा! निवड करणारा हुशार असेल तर तो ही तूट भरून काढून वर चार पैसे मिळवून देईल. पण हुशारी पुढे दिसायची असते, आणि खर्च रोज कापला जातो. मोठ्या कंपन्यांत निवड करणाऱ्या फंडांपैकी बहुसंख्य दीर्घ मुदतीत निर्देशांकाच्या मागे राहतात, असे वर्षानुवर्षांच्या पाहण्यांत दिसून आले आहे. लहान-मध्यम कंपन्यांत मात्र चित्र इतके एकतर्फी नाही, तिथे निवडणाऱ्याला वाव आहे. आणखी एक गंमत : फेब्रुवारी २०१८पर्यंत फंडवाले लाभांश न धरलेल्या निर्देशांकाशी आपली उंची मोजून दाखवीत. माप घेताना पट्टीच आखूड! सेबीने ती पट्टी बदलायला लावली.

हे सारे मला ठाऊक असूनही मी घरात बोलत नसे. कारण बोललो की २००८ सालापर्यंत जावे लागे.

यंदा गणपतीत मुलगी आणि जावईबापू आले. मुलगी चाकणच्याच एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. म्हणजे बापाचाच धंदा, फक्त साधने कॉम्प्युटरची. मोदकांवर तुपाची धार पडते न पडते तोच जावईबापूंनी विषय काढला. त्यांना वार्षिक बोनस मिळाला होता. नातीच्या नावाने तो बॅटरीच्या गाड्यांशी संबंधित कंपन्यांच्या फंडात घालावा, असा त्यांचा विचार होता.

"बाबा, तुम्ही नाशिक रस्त्याला पाच मिनिटं उभे राहा," ते म्हणाले. "आवाज न करता किती स्कूटरी जातात त्या मोजा. हे डोळ्यांना दिसतंय!"

'डोळ्यांना दिसतंय' हे शब्द ऐकले आणि माझ्या हातातला मोदक तसाच राहिला.

मी म्हटले, "रस्ता दिसतो हो, जावईबापू. पण त्या रस्त्यावर पोचणार कोण, ते दिसत नाही. एके काळी बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. तेव्हा स्कूटरला मरण नाही असं आकुर्डीत कोणीही शपथेवर सांगितलं असतं. २००९ साली कंपनीनं स्कूटर बंद करायचं ठरवलं. कंपनी मात्र मोटरसायकलींवर भक्कम उभी होती. २०२० साली चेतक परत आली ती बॅटरीवर. तळेगावचा तो मोटारींचा कारखाना २००८ला सुरू झाला आणि २०२०च्या अखेरीस बंद पडला. देशात मोटारी कमी झाल्या म्हणून? छे! मोटारी वाढल्या, पण दुसऱ्यांच्या. आणि तुम्हांला रस्त्यावर जे दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं. म्हणून त्याची किंमत भावात आधीच बसलेली असते."

"पण सगळेच दिंडीत चालू लागले, तर चांगली कंपनी कोणती आणि वाईट कोणती हे ठरवणार कोण?" जावईबापूंनी विचारले. "शिवाय तुमचा निर्देशांक, जी कंपनी फुगली तिचेच जास्त शेअर बाळगतो. महाग तेच अधिक!"

मुद्दे खरे होते. कोणीतरी ताळेबंद वाचतो, भांडतो, खरेदी-विक्री करतो, म्हणून भाव ठरतात. त्याच्या कष्टावर आम्ही फुकट चालतो. माझ्या ओळखीच्या एका टर्नरने आपल्याच कंपनीचे शेअर तीस वर्षे धरून ठेवले आणि प्राधिकरणात बंगला बांधला. पण तो कंपनीच्या आत होता, आणि त्याने तीस वर्षे विकले नाही. आणि असाच नाद करून फसलेल्यांची नावे कोणी सांगत नाही.

"तुम्हांला इतकं कसं माहीत, बाबा?" मुलीने विचारले.

सौभाग्यवती मोदकांचे ताट घेऊन आत गेल्या. बहुधा मुद्दामच. मग मी सांगितले. दोन लाख, जेसीबी, पेढे, स्वेटर, शहात्तर हजार, सगळे. आणि २०१० साली "व्याज कमी आहे, कर्जच काढू" असे तिला जे सांगितले होते त्यामागचे खरे कारणही.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या कर्जावर मी व्याज किती भरलं सांगू? एक लाख शहाऐंशी हजार. पहिली चार वर्षं नोकरी बदलायची छाती झाली नाही मला, हप्त्यापायी."

यावर बापाने काय बोलायचे? मी काही बोललो नाही. तिने माझ्या ताटातला अर्धवट मोदक पाहिला आणि त्यावर तूप घातले, एवढेच.

बोनसचा निर्णय मग तिनेच लावला. दहा हिश्शांतले नऊ निर्देशांकाच्या फंडात, आणि एक जावईबापूंच्या बॅटरीला. तो एक हिस्सा बुडाला तरी नातीची फी अडायची नाही. खरेदीच्या दिवशी वहीत तारीख, भाव आणि का घेतला याचे कारण लिहायचे. विकायची वेळ आली की आधी ते पान वाचायचे. आणि पाच वर्षांच्या आत जे पैसे लागणार, ते शेअरबाजाराकडे फिरकताही कामा नयेत, ते बँकेत. माझे दोन लाख अडीच वर्षांत लागणार होते. फंड निवडण्याच्याही आधी मी चुकलो होतो तो इथे.

सौभाग्यवतींचा फंडही २००८ साली निम्म्यावर आला होता. मी एकदा विचारले, तुला भीती नाही वाटली? म्हणाल्या, "भीती वाटायला वेळ कुठे होता? सकाळी चाळीस डबे जायचे होते." त्यांनी भरलेल्या रकमेच्या तिपटीहून अधिक आज त्या खात्यात आहे. निर्देशांकाची पुण्याई किती आणि डब्यांची किती, हे मला वेगळे करून सांगता येत नाही.

येत्या लक्ष्मीपूजनाला नात प्रथमच आमच्याकडे असेल. पाटावर नेहमीचे कागद मांडू. शिवाय माझ्या कपाटात तो जुना कागद अजून आहे, शिल्लक शून्य लिहिलेला. सौभाग्यवतींनी तोही शोधून ठेवायला सांगितले आहे. वही घालायला मुलगी येणार आहे, आणि कुंकू लावायचा मान यंदा नातीचा.