जागा भरली म्हणून संगणक मोडीत काढू नका

आमच्या बाजारपेठांत संगणक आता तराजू आणि गल्ल्याइतकाच नित्याचा झाला आहे. मोठ्या पेटीची जागा अनेक ठिकाणी जाडजूड पुस्तकाएवढ्या छोट्या संगणकाने घेतली आहे. भरतकामाच्या यंत्राशेजारी, लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या टेबलावर किंवा किराणा दुकानाच्या कोपऱ्यात तो सहज मावतो. वीज कमी खातो आणि वापरलेला घेतला तर खिशालाही परवडतो. तक्रार एकच येते, काही वर्षांतच त्यातली जागा संपते. हिशेबाचा प्रोग्राम रेंगाळू लागतो, नवे डिझाईन साठवता येत नाही, आणि दुकानदाराला सल्ला मिळतो, ‘यंत्र जुने झाले, नवे घ्या.’

हा सल्ला आम्हांला मान्य नाही. जागा संपणे आणि यंत्र निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोदाम भरले म्हणून कोणी दुकान विकत नाही, शेजारचा गाळा घेतो. संगणकालाही असा शेजारचा गाळा बहुधा असतोच, फक्त झाकण उघडून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

लेनोव्होचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी अशी कार्यालयांतून निघालेली छोटी यंत्रे आज जुन्या संगणकांच्या बाजारात मिळतात. त्यांच्यापैकी अनेक मॉडेलांत डिस्कसाठी दोन जागा असतात. एक ‘एम डॉट टू’ नावाची, जिच्यात च्युइंगगमच्या पट्टीसारखी चपटी डिस्क बसते, आणि दुसरी अडीच इंची डिस्कची. एक भरलेली असली तरी दुसरी पुष्कळदा रिकामी असते. ती भरणे हे छोट्या पेचकसाचे आणि अर्ध्या तासाचे काम आहे.

मात्र माल घेण्यापूर्वी माप घ्यावे. एम डॉट टू डिस्क दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला त्या जवळजवळ सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. यंत्राचा मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या माहितीपुस्तिकेतून जात आणि लांबी पक्की करावी. नेहमीची लांबी ८० मिलिमीटर असते. अडीच इंची डिस्क घेताना जाडी पाहावी, छोट्या यंत्रांत बहुधा ७ मिलिमीटरचीच बसते. शिवाय वापरलेल्या यंत्रांतून या डिस्कची चौकट आणि केबल अनेकदा गायब झालेली असते. यंत्र घेतानाच ती मागून घ्यावी, नाहीतर नंतर तिच्यासाठी वेगळे पैसे पडतात.

वेगाच्या मोहातही पडू नये. साटा एसएसडी सेकंदाला ५०० मेगाबाईटच्या आसपास वाचते, एनव्हीएमई त्याच्या कित्येक पट. परंतु खातेवही, बिले आणि साठ्याची नोंद यांना साटा पुरेशी आहे. मोठमोठ्या फ्लेक्सच्या किंवा व्हिडिओच्या फाईली रोज हाताळणाऱ्यानेच जास्तीचे पैसे मोजावेत. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप्सचे भाव बरेच चढले. म्हणून गरजेपुरतेच घ्यावे, आणि त्याआधी जुने व्हिडिओ, व्हॉट्सॲपचे फोटो यांनी किती जागा अडवली आहे ते पाहावे.

नवी डिस्क बसवल्यावर ती पडद्यावर दिसली नाही तर घाबरू नये. विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून तिची आखणी करावी लागते, मगच ती वापरता येते. एक टेराबाईटची डिस्क तिथे ९३१ गिगाबाईट दिसते. ही फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. खरी फसवणूक निराळी आहे. हजार-पाचशे रुपयांत ‘१६ टेराबाईट’ म्हणून विकली जाणारी बाहेरची डिस्क आतून किरकोळ मेमरी कार्डाची असते. तिच्यात फाईली गेल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत. अशी स्वस्ताई धंद्याला महाग पडते.

ज्या यंत्रात आत जागा नाही त्याला यूएसबीवर चांगल्या कंपनीची एसएसडी जोडावी. २०१८ पासूनच्या मॅक मिनीत बाजारातली साधी एम डॉट टू डिस्क आत बसत नाही, तिथे हाच सोपा मार्ग आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जागा वाढली म्हणजे हिशेब सुरक्षित झाला, असे नव्हे. एकाच डबीतल्या दोन डिस्क एकाच वेळी चोरीला जाऊ शकतात, एकाच आगीत जळू शकतात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उधारीची नोंद आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली डिझाईने ही तर अमानतच. म्हणून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून दुकानापासून दूर, घरी ठेवावी आणि ती दर आठवड्याला ताजी करावी. झाकण उघडण्याच्या दिवशी तर ही प्रत आधी, पेचकस नंतर.

यंत्र बदलण्याचा सल्ला कधी ऐकावा? विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. असे यंत्र इंटरनेटला जोडून पैशांचे व्यवहार करण्याच्या कामाचे उरलेले नाही. त्यात पैसे घालताना विचार करावा. तरीही घेतलेली डिस्क वाया जात नाही, जात आणि माप जुळले तर पुढच्या यंत्रात ती जाते.

संगणक विकत घेताना आमचा व्यापारी रंग पाहतो, नाव पाहतो, भाव पाडून घेतो. त्याने आणखी दोन प्रश्न विचारावेत : झाकण उघडते का, आणि आत किती जागा रिकाम्या आहेत? ज्या यंत्राला झाकण नाही त्याचा मालक प्रत्येक वाढीसाठी विक्रेत्याचा मिंधा राहतो. मोबाईल दुरुस्तीत हात बसलेली आमच्या मोहल्ल्यांतील मुले हे काम लवकर शिकू शकतील. त्यांना काम मिळेल आणि दुकानदाराचा पैसा वाचेल. जो कारागीर आपल्या यंत्राचे झाकण स्वतः उघडू शकतो, त्याला नवे यंत्र गळ्यात मारणे सोपे नसते.