रसद आणि रोकड

कार्तिक महिन्याच्या शेवटच्या सोमवारी बंगळूरच्या बसवनगुडीतील बुल टेम्पल रस्ता भुईमुगाच्या शेंगांच्या ढिगांनी भरून जातो. ‘कडलेकायी परिषे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जत्रेत आसपासच्या भागांतील शेतकरी व व्यापारी माल घेऊन येतात, नंदीला शेंगा वाहिल्या जातात आणि मापाने विक्री सुरू होते. माप पिशवीत पडले की पैसे हातात. बाजाराचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत निर्मळ नियम होय. याच शहरात मात्र एक असा मोठा ग्राहक आहे की, ज्याला माल दिल्यावर पैशांची वाट पाहावी लागते आणि तरीही ज्याच्या दारी पुरवठादारांची रांग असते. तो ग्राहक म्हणजे देशाचे संरक्षण खाते.

सेनादलास माल पुरविणे म्हटले की तोफा व विमाने डोळ्यांसमोर येतात. वस्तुतः पीठ, डाळ, साखर, बूट, तंबूचे कापड, केबल, नटबोल्ट, पॅकिंगच्या पेट्या या सर्वांचा त्यात समावेश होतो. भूदलाच्या रसद शाखेचे, म्हणजे आर्मी सर्व्हिस कोअरचे केंद्र बंगळुरातच आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, १९५४ मध्ये स्थापन झालेली भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि १९६४ ची भारत अर्थ मूव्हर्स या मोठ्या कंपन्यांच्या भोवती पीण्यासारख्या वसाहतींतील लहान कारखाने उभे राहिले आहेत. त्यांच्या हिशेबवह्यांत मागणी भरपूर असते. अडचण असते ती रोकडीची.

सैन्य, व्यापारी आणि पैसा यांचे नाते या मातीला नवे नाही. १७९१ च्या मार्च महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपू सुलतानाकडून बंगळूरचा किल्ला घेतला आणि मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणवर चालून गेला. १५ मे रोजी अरिकेरे येथे त्याने लढाई जिंकली. परंतु पोटाची लढाई तो हरला होता. टिपूने वाटेवरचा मुलूख ओसाड केला होता, चारा मिळत नव्हता, ओझ्याचे बैल हजारोंनी मरत होते. अखेर वेढ्यासाठी मोठ्या कष्टाने आणलेल्या अवजड तोफा स्वतःच्याच हाताने निकामी करून त्याला माघारी वळावे लागले. त्या परतीच्या वाटेवर हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याला येऊन मिळाल्या. टिपूच्या घोडेस्वारांनी निरोप्ये अडविल्यामुळे त्या इतक्या जवळ आल्याची वार्ताही इंग्रजी छावणीला नव्हती.

उपाशी सैनिकांच्या दृष्टीने फौजेइतकाच मोलाचा ठरला तो तिच्याबरोबर चालणारा बाजार. धान्य, गुरे, मेंढ्या तर तेथे होत्याच. पण शाली, विलायती कापड आणि जडजवाहीरही त्या पालांतून विकले जात होते. भाव अर्थातच चढे होते. मित्रसैन्याची भूक ही व्यापाऱ्याच्या दृष्टीने पर्वणीच. त्यात त्याला कोणी दोष द्यावा असेही नाही, कारण माल रणभूमीपर्यंत आणण्याची जोखीम त्यानेच उचललेली होती.

कॉर्नवॉलिसने यातून बोध घेतला आणि पुढील कित्येक महिने रसदीचे मार्ग मोकळे करण्यात घालविले. कॅप्टन अलेक्झांडर रीड यांच्यामार्फत बंजारा तांड्यांशी व्यवहार जमविण्यात आला. हे बंजारे स्वतःच्या भांडवलाने धान्य घेत, स्वतःच्या बैलांवर लादून आणत आणि छावणीत विकत. मुघल व मराठे यांच्या फौजाही त्यांच्यावरच विसंबत असत आणि लढणारे दोन्ही पक्ष सहसा त्यांच्या वाटेला जात नसत. १७९२ च्या फेब्रुवारीत इंग्रजी सैन्य पुन्हा श्रीरंगपट्टणसमोर उभे राहिले तेव्हा ते उपाशी नव्हते.

या इतिहासाकडे भावुकतेने पाहण्याचे कारण नाही. ऐनवेळी मिळेल त्या भावाने खरेदी करणारे सैन्य सरकारी तिजोरी रिकामी करते. निविदा, नमुना, तपासणी, हमी या आजच्या पद्धतीमागे असलीच कटू अनुभवांची परंपरा आहे, आणि तिला केवळ ‘लाल फीत’ म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. लडाखसारख्या भागात हिवाळ्याचा साठा बर्फ पडण्यापूर्वीच पोहोचवावा लागतो. तेथे गेलेले पीठ किडके निघाले किंवा बुटाचा तळ उखडला, तर ते परत करून दुसरे मागविण्याची सोय नसते. तपासणी कठोर असावी, नव्हे असलीच पाहिजे.

प्रश्न निराळाच आहे. बंजाऱ्याला जोखमीचे मोल छावणीतच मिळत असे. आजचा लहान पुरवठादार जोखीम तितकीच उचलतो, मात्र मोल मिळण्याचा दिवस त्याच्या हाती नसतो. निविदा मंजूर होताच तो बँकेचे हमीपत्र देतो आणि त्यासाठी बँकेकडे काही रक्कम अडकवून ठेवतो. कच्चा माल तो बहुधा रोखीने घेतो. माल तयार झाल्यावर तपासणी अधिकाऱ्याची तारीख मिळेपर्यंत तो गोदामात पडून राहतो. मग वाहतूक, डेपोतील पोचपावती, देयक आणि शेवटी संरक्षण लेखा कार्यालय. यांपैकी एका कागदावरची एक सही राहिली तरी संपूर्ण साखळी थांबते. त्याच्याकडून विलंब झाल्यास दर आठवड्यागणिक ठराविक टक्के कपात होते. सरकारी बाजूने विलंब झाल्यास त्याला मिळते ते बहुधा आश्वासन. २०२५ च्या नव्या संरक्षण खरेदी नियमावलीने देशांतर्गत विकासाच्या करारांतील ही कपात सौम्य केली, हे स्वागतार्ह आहे. तथापि कपात सौम्य होणे आणि पैसे वेळेवर मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

कायदा नाही असे मुळीच नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले गेले पाहिजेत. अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली गेली नाही, तर पोहोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. ही तरतूद फार मोलाची आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे तेही ती वापरत नाहीत, कारण ज्याच्याकडे व्याज मागायचे त्याच्याकडेच पुढील निविदा भरायची असते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकर तरतुदीने थकविणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत नाकारली. खासगी व सार्वजनिक कंपन्यांना तिचा धाक वाटतो. परंतु सरकारी खाते आयकर भरतच नाही, त्याला धाक कसला?

म्हणूनच देयकांची जबाबदारी खात्याने स्वतःच स्वतःवर घेतली पाहिजे. कपातीचे कलम जसे करारात छापलेले असते, तसेच विलंबाच्या व्याजाचे कलमही छापलेले असावे आणि ते पुरवठादाराने न मागता लागू व्हावे. मागण्याची वेळ आली की भीती आली. देयकांवर आधारित ‘ट्रेड्स’ व्यवस्थेत सार्वजनिक उपक्रम येऊ लागले आहेत. तेथे खरेदीदाराने देयक मान्य केले की बँका बोली लावून पुरवठादाराला पैसे देतात आणि पुढची वसुली खरेदीदाराकडून होते. सेनादलांच्या खरेदी कार्यालयांनीही या व्यवस्थेचा वापर नित्याचा केल्यास तिजोरीवर नवा भार न पडता लहान उद्योजकाचे खेळते भांडवल मोकळे होईल.

यात बँकांचाही वाटा आहे आणि तो नेहमीच अभिमानास्पद नसतो. सरकारी पुरवठ्याचे कर्जप्रकरण आले की तारण काय, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. कराराची प्रत क्वचितच वाचली जाते. तपासणी कोठे होणार, देयकाचा किती भाग पाठवणीवर व किती पोचपावतीवर मिळणार, हमीपत्राची मुदत हमीकाळ धरून किती, या तीन गोष्टी वाचल्या तरी कर्जाची मुदत कागदावरची न राहता वास्तवाला धरून ठरेल. ९० दिवसांचे कर्ज देऊन १५० दिवसांनी येणाऱ्या पैशांची वाट पाहायची आणि मग खाते अनियमित झाले म्हणून उद्योजकाला दोष द्यायचा, हा प्रकार टाळता येण्याजोगा आहे.

हमीपत्रांचीही तीच कथा. पुरवठा पूर्ण होतो, हमीकाळ संपतो, परंतु मूळ हमीपत्र खरेदी कार्यालयाच्या एखाद्या फायलीत पडून राहते. ते परत आले नाही म्हणून बँक अडकविलेली रक्कम सोडत नाही, आणि उद्योजक पुढच्या निविदेसाठी नव्याने पैसे उभे करतो. शाखेने मुदत संपताच स्वतः पत्र पाठवून हमीपत्र परत मागविले, तर त्या टपालखर्चात एका कारखान्याची पुढची अनामत सुटू शकते.