पैज लावा, पण तोलाची!

कोजागरी असो, वाढदिवस असो वा सोसायटीचे स्नेहसंमेलन, दहा माणसे जमली की कुणीतरी म्हणतेच, "ह्यात काय आहे, मी सहज करून दाखवतो!" याच फुशारकीवर बेतलेले खेळ आता बाजारात मिळतात. ‘बीट दॅट!’ हा त्यातलाच एक. पिंगपाँगचे चेंडू कपात टाकण्यासारखे खुळचट आव्हान समोर येते आणि ते आपल्याला जमणार की नाही, यावर पैज लावायची.

संच विकत घ्यायलाच हवा असे नाही. एका पायावर किती सेकंद उभे राहाल? डाव्या हाताने सुईत दोरा किती वेळात ओवाल? तोंडात चमचा आणि चमच्यात लिंबू घेऊन किती पावले चालाल? आधी आकडा सांगायचा, मग करून दाखवायचे. बोललात तेवढे जमले तर तेवढे गुण; थोडे जरी कमी पडले तरी भोपळा.

डॉक्टर म्हणून मला या भोपळ्याचे मोल वाटते. ओपीडीत साठीच्या गृहस्थांना "चालताना तोल जातो का?" असे विचारले की उत्तर ठरलेले, "छे, एकदम ठणठणीत!" हे म्हणणे तपासून पाहण्याची वेळ त्यांच्यावर आलेलीच नसते. मग एके दिवशी बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि ठणठणीत माणूस अंथरुणाला खिळतो. तोल हळूहळू कमी होत असतो. कठड्याला हात लावून, पॅन्ट बसून घालून आपण ती उणीव नकळत झाकत राहतो.

शरीराचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि पायांचे तळवे व सांधे यांच्याकडून येणाऱ्या संदेशांवर राहतो. त्यांचा मेळ घालण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. मधुमेहात तळव्यांची संवेदना बोथट झाली, तरी डोळ्यांच्या भरवशावर माणूस दिवसा निभावून नेतो. रात्री दिवे गेले की खरी अडचण होते.

ब्राझीलमधील संशोधकांनी ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १७०२ जणांना १० सेकंद एका पायावर उभे राहायला सांगितले. साधारण पाचातल्या एकाला ते जमले नाही आणि पुढच्या सुमारे सात वर्षांत या गटात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोल गेल्यामुळे मृत्यू येतो, असा याचा अर्थ नाही. पण शरीरात काहीतरी बिघडत असल्याची ती खूण असू शकते.

मात्र, प्रत्येक पैज निरुपद्रवी नसते. २००७ मध्ये अमेरिकेतील सॅक्रामेंटो येथे एका रेडिओ केंद्राने लघवीला न जाता पाणी पीत राहण्याची स्पर्धा घेतली. अतिरेकी पाण्याने रक्तातील सोडियम घसरून एका महिलेचा मृत्यू झाला. गुलाबजाम कोंबण्याच्या पैजेत घास श्वासनलिकेत अडकू शकतो. पाण्याखाली श्वास रोखण्याच्या पैजेत पट्टीचा पोहणाराही बेशुद्ध पडू शकतो. दारूच्या पैजेबद्दल तर बोलायलाच नको. साधा नियम ठेवा: पैज हातापायांच्या कसबाची असावी, पोटाची आणि श्वासाची नको.

एका पायाचा खेळ खेळताना जवळ भिंत आणि शेजारी माणूस असू द्या. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उभे राहू नका. चक्कर येणाऱ्यांनी, पूर्वी पडलेल्यांनी पंचाचे काम करावे.

आजोबा "मिनिटभर!" म्हणाले आणि पाचव्या सेकंदाला पाय टेकला, तर मनसोक्त हसा, पण तो आकडा विसरू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. तेव्हाही दहा सेकंद जमत नसतील तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. साखर, बी-१२, नजर, रक्तदाब आणि चालू असलेली औषधे तपासून घ्या. यातली बरीच कारणे उपचारांनी सुधारतात, आणि तोल सरावानेही वाढतो. घरच्या दिवाणखान्यात हरलेली पैज बाथरूममधल्या पडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.