बीडच्या शिवारात समुद्राचा अंदाज

जुलै २०१७ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाणे गाठले आणि थेट हवामान विभागाविरुद्ध तक्रार दिली. पुणे आणि कुलाब्याच्या अधिकाऱ्यांनी चुकीचा अंदाज देऊन फसवले, बियाणे आणि कीटकनाशक कंपन्यांशी त्यांचे साटेलोटे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून जूनमध्ये पेरण्या उरकल्या, नंतर पावसाने दडी मारली आणि कोवळी रोपे जागच्या जागी करपली. शहरांत या बातमीची थट्टाच जास्त झाली. आता ढगांवर कोणते कलम लावायचे, असे विचारणारेही भेटले.

साटेलोट्याचा आरोप बाजूला ठेवू. दुबार पेरणीच्या तोंडावर उभा असलेला माणूस रागाच्या भरात बरेच काही बोलतो. पण आकडे पाहिले तर गंमत कळते. त्या वर्षी हवामान विभागाने देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला होता, जूनमध्ये तो ९८ टक्क्यांवर नेला. हंगाम संपला तेव्हा देशात ९५ टक्के पाऊस झाला होता. म्हणजे कागदावर विभाग पास. तरीही आनंदगावचे नुकसान खरेच होते, कारण देशाची सरासरी कोणाच्याही बांधावर पडत नाही. चूक अंदाजात होती त्यापेक्षा जास्त या गोष्टीत होती, की शेतकऱ्याला हवे होते पुढच्या दहा दिवसांचे उत्तर आणि त्याच्या हाती पडले चार महिन्यांचे.

ते दहा दिवसांचे उत्तर समुद्रावर शोधावे लागते. बीडपासून समुद्र दूर, त्यामुळे ही गोष्ट जिल्ह्यात कोणी फारशी मनावर घेत नाही. ‘मान्सून केरळात दाखल’ ही बातमी दरवर्षी टीव्हीवर झळकते, तेव्हा ती केवळ केरळातल्या पावसाची बातमी असते असा समज आहे. प्रत्यक्षात १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस पडला, एवढ्यावर ती घोषणा होत नाही. विषुववृत्ताच्या उत्तरेला अरबी समुद्रावर पश्चिमेचे वारे किती उंचीपर्यंत भरले आहेत आणि खालच्या थरात त्यांचा वेग १५ ते २० नॉटपर्यंत पोहोचला आहे का, तेही तपासले जाते. मृगाची वाट बीडचा शेतकरी पाहतो, पण मृग कोरडा जाणार की ओला, हे सोमालियाच्या किनाऱ्यावरून निघालेल्या वाऱ्याच्या हाती असते.

२०२३ साली हे उघड दिसले. ६ जूनला अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ तयार झाले, ८ जूनला मान्सून केरळात आला, ११ जूनला दक्षिण कोकणापर्यंत चढला आणि तिथेच अडकून बसला. वादळ १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ धडकले आणि पुढे विरले, तरी मुंबईला पाऊस पोहोचायला २५ जून उजाडला. त्या पंधरवड्यात मराठवाड्यातले लोक आभाळाकडे बघत होते. बघायला हवे होते अरबी समुद्राच्या नकाशाकडे.

तो नकाशा आता चांगला मिळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये इस्रोने सोडलेल्या ओशनसॅट-३ उपग्रहावर स्कॅटरोमीटर नावाचे उपकरण आहे. ते समुद्रावर रडारचे स्पंद सोडते. वाऱ्याने पाण्यावर बारीक लहरी उठल्या असतील तर परत येणारा संकेत बदलतो आणि त्यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढता येते. जिथे एकही जहाज नाही, अशा हजारो किलोमीटर पाण्यावरचा वारा असा मोजला जातो. जोडीला समुद्रात नांगरलेल्या मापन बोयांच्या नोंदी असतात आणि पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा महासंगणक असतो. मे २०२५ पासून सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी प्रणालीही देशात सुरू झाली आहे.

बीडला मात्र पश्चिमेच्या समुद्राइतकेच, किंबहुना जास्तच, पूर्वेच्या समुद्राकडे लक्ष द्यावे लागते. अरबी समुद्रावरून येणारी वाफ सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामी होते. घाट उतरून बालाघाटाच्या डोंगरापर्यंत येते ती उरलीसुरली. जिल्ह्यात भरून पडणारा पाऊस बऱ्याचदा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांनी आणलेला असतो. २०२१ सालचे गुलाब चक्रीवादळ हे त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण.

२५ सप्टेंबरला त्याला नाव मिळाले आणि २६ तारखेच्या संध्याकाळी ते आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढले. जमिनीवर येऊन दुबळे झाले, पण संपले नाही. तेलंगणातून मराठवाड्यात आले, पुढे गुजरातकडून अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा बळ धरले, शाहीन असे नवे नाव घेतले आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळले. दोन समुद्रांच्या मधल्या वाटेवर बीड होते. सोयाबीन काढणीला आले होते, कुठे कापून ढीग लावलेले होते आणि कापसाची बोंडे फुटत होती. हस्त नक्षत्र नुकते लागले होते. २८ सप्टेंबरला मांजरा धरणाचे १८ आणि माजलगाव धरणाचे ११ दरवाजे उघडावे लागले. मांजरातून सुटलेले पाणी ७० हजार क्युसेकच्या वर होते. खालच्या गावांत पुराचे पाणी शिरले आणि ढिगातले सोयाबीन जागेवरच कोंबारले.

याच मांजरा धरणाची दुसरी आठवणही ताजी होती. ते आहे केज तालुक्यात धनेगावला, पण त्यावर लातूर शहर अवलंबून. एप्रिल २०१६ मध्ये ते कोरडे होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या प्रदेशातल्या अभियंत्याला ‘वादळ येतंय, आधीच थोडे पाणी सोडून द्या’ असे सांगून पाहावे. पाऊस आला नाही तर सोडलेल्या प्रत्येक थेंबाचा जाब त्याला विचारला जाणार. नुसते ‘मुसळधार पावसाची शक्यता’ हे शब्द पुढे करून तो स्वतःचा बचाव करू शकत नाही. त्याला लागतो आकडा: या पाणलोटात येत्या ३६ तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस होण्याची शक्यता किती, आणि अशी शक्यता सांगितलेल्या आधीच्या दहा वेळांपैकी किती वेळा तो खरोखर झाला.

गंमत अशी, की आकड्यांची आणि कृतीची ही भाषा हवामान खात्याला चांगली येते. मच्छीमारांशी ते रोज तीच बोलते. ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे, काही वेळा ६५ पर्यंत, मच्छीमारांनी या भागात समुद्रात जाऊ नये.’ हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, लाटांची उंची मीटरमध्ये आणि वेळेसह देते. बंदरात क्रमांकाप्रमाणे बावटे चढतात. होडी काढायची की नाही, एवढाच प्रश्न असतो आणि उत्तर त्याच प्रश्नाचे मिळते.

बीडच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येते ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी’. खात्याच्या व्याख्येत याचा अर्थ पक्का आहे: विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हटले की २६ ते ५० टक्के. पण पाटोद्याच्या माणसाला त्या पंचवीसात आपण आहोत की पंचाहत्तरात, हे कळायला मार्ग नाही, आणि मळणी यंत्र आज बोलवायचे की परवा, हेही कळत नाही.

समुद्र सपाट, तिथला वारा मोठ्या पट्ट्यात सारखा. जमिनीवरचा ढग मात्र एका शिवारात ओततो आणि शेजारच्या शिवारात शिंतडतही नाही, हा शास्त्रज्ञांचा बचाव खराच आहे. म्हणून तर ठाम विधान नको, टक्क्यांत शक्यता हवी. पैज लावून पेरणी करणाऱ्या समाजाला टक्केवारी कळणार नाही, असे मानणे हा अधिकाऱ्यांचा गैरसमज आहे. परभणी जिल्ह्यातल्या पंजाबराव डख यांचे व्हिडिओ मराठवाड्यात घरोघरी पाहिले जातात, ते ‘अमुक तारखेपर्यंत पेरणी उरकून घ्या’ अशा कामाच्या बोलीमुळे. त्यांच्या पद्धतीवर शास्त्रज्ञांनी आक्षेप जरूर घ्यावेत, पण ती जागा रिकामी कोणी ठेवली, हेही पाहावे.

अर्थात स्पष्ट इशारा मिळाला की सगळे भागले, असेही नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचा इशारा काही दिवस आधी मिळूनही पी-३०५ हा बार्ज मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात २६१ माणसांसह थांबला, बुडाला आणि सत्तरच्या आसपास माणसे गेली. इशारा ऐकून हलायचे कोणी, हे ठरलेले नसेल तर उपग्रह कितीही नेमका असून उपयोग नाही. बीडमध्ये तरी ते कुठे ठरले आहे? देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांत तालुक्यापर्यंतचा सल्ला देण्यासाठी उभे केलेले १९९ जिल्हा कृषी हवामान कक्ष २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्यात आले. ज्या टप्प्यावर समुद्रातल्या वाऱ्याचे सोयाबीनच्या ढिगासाठीच्या सल्ल्यात रूपांतर व्हायचे, तोच टप्पा काढून टाकला. केंद्र सरकारने केलेली ही बचत मराठवाड्याला परवडणारी नाही. ते कक्ष परत सुरू व्हावेत, आणि केंद्र ते करणार नसेल तर खर्च राज्याने उचलावा.

मोजमापाची सोय तर राज्याकडे आधीच आहे. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे बसली आहेत. मंडळात दिवसाला ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, त्यावर पंचनाम्यांची चक्रे फिरतात. पीक विम्यासाठी नुकसान ७२ तासांत कळवा, असे २०२४ पर्यंत शेतकऱ्याला बजावले जात होते. नुकसानीनंतर एवढ्या काटेकोरपणे वापरले जाणारे हेच आकडे अंदाजाशेजारी मांडले तर कोणत्या तालुक्यात अंदाज किती वेळा बरोबर आला, याचा जाहीर ताळा दर महिन्याला देता येईल. आणि वेळापत्रकही बदलायला हवे. मराठवाड्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठातून हवामान आधारित कृषी सल्ला निघतो तो मंगळवारी आणि शुक्रवारी. २०२१ च्या त्या आठवड्यात शुक्रवारी, २४ सप्टेंबरला, गुलाब हे नावही अस्तित्वात नव्हते. पुढचा मंगळवार उजाडला तेव्हा मांजराचे दरवाजे उघडत होते. मधले तीन दिवस समुद्रावरचे बुलेटिन मात्र दर काही तासांनी निघत होते.