कनेरगाव नाका : एका न परवडणाऱ्या कराराची हद्द

१/
हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर कनेरगाव नाका लागतो. थोडे पुढे मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. आज ही दोन जिल्ह्यांमधली साधी हद्द आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र याच पट्ट्यात निजामाचा मुलूख संपून इंग्रजांच्या ताब्यातले वऱ्हाड सुरू होत असे. ही हद्द कोणत्याही लढाईने आखलेली नाही. ती थकबाकीतून निर्माण झाली.

२/
हप्त्याने घेतलेल्या वस्तूचे पैसे उत्पन्न घटल्यावर थकतात, तेव्हा वाद दोन प्रश्नांभोवती फिरतो. धनको विचारतो, कबूल केलेली रक्कम का दिली नाही? ऋणको विचारतो, ही रक्कम झेपेल की नाही, हे करार करताना कोणी पाहिले होते? वऱ्हाडाच्या बाबतीत इतिहासाने पहिला प्रश्न नोंदवला आणि दुसरा बाजूला सारला. वास्तविक दुसऱ्याचा निकाल लागल्याशिवाय पहिला विचारण्याचा अधिकार कोणालाच नसतो.

३/
सुरुवात १८०० च्या तहापासून करावी लागते. तैनाती फौजेचा खर्च कायमचा मिटावा म्हणून निजामाने म्हैसूरच्या युद्धांतून मिळालेला बळ्ळारी-कडप्पाकडील मुलूख कंपनीला देऊन टाकला. त्या फौजेची किंमत अशी एकदाच आणि पुरती चुकती झाली. याच तहाच्या बाराव्या कलमान्वये युद्धप्रसंगी ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ पुरवण्याचे बंधन निजामावर होते. शांततेच्या काळात आणखी एक कायम फौज पोसण्याचे बंधन त्यात नव्हते.

४/
तरीही ती फौज उभी राहिली. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात तिचा पाया घातला गेला आणि पुढे ती ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या छावण्या बोलारम, औरंगाबाद, अंबाजोगाई, एलिचपूर आणि हिंगोली येथे होत्या. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार निजामाच्या खजिन्यातून, अशी तिची रचना होती. वर्षाचा खर्च सुमारे ४० लाख रुपयांपर्यंत गेला.

५/
हप्त्याने शिवणयंत्र घेणाऱ्या शिंप्याला निदान त्या यंत्रावर चार कपडे शिवता येतात. निजामाला या फौजेवर स्वतःचा हुकूमही चालवता येत नव्हता. माल कोणता, किती आणि कोणत्या दराने, हे तिन्ही पुरवणाराच ठरवत होता. घेणाऱ्याकडे उरले होते फक्त पैसे भरणे.

६/
मग संमती कोणी दिली? कारभार तेव्हा चंदुलालच्या हाती होता आणि त्याचे आसन रेसिडेंटच्या पाठिंब्यावर टिकून होते. ज्याची खुर्ची धनकोच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याचा होकार कागदावर होकारच दिसतो. परंतु करार परवडतो की नाही, याचा तो पुरावा होऊ शकत नाही.

७/
खर्च भागवण्यासाठी कर्जे काढली गेली. हैदराबादेतील पामर आणि कंपनी या पेढीने निजाम सरकारला चढ्या व्याजाने पैसे पुरवले. त्यांतला काही भाग फौजेच्या पगारासाठीच होता. पेढीचा भागीदार विल्यम रम्बोल्ड हा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने सांभाळलेल्या मुलीचा पती होता. रेसिडेंट चार्ल्स मेटकाफने हे प्रकरण उघडकीस आणले. १८२३ च्या सुमारास पेढीचे देणे फेडण्यासाठी निजामाने उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून मिळणारी वर्षाची ७ लाखांची पेशकश कायमची सोडून दिली. एक देणे फेडताना कायमचे एक उत्पन्न गेले.

८/
पुढच्या वीस वर्षांत वसुली आणखी ढासळली. परगणे मक्त्याने दिले गेले, काही सावकारांकडे आणि अरब सरदारांकडे गहाण पडले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. कागदोपत्री ऋणको निजाम होता, पण हप्ता भरत होता तो जमीन कसणारा. मक्तेदाराला आपली रक्कम काढायची होती आणि ती काढण्याची जागा हिंगोली-परभणीकडचे शेत हीच होती. छावणीतला पगार आणि शेतातला सारा ही एकाच साखळीची दोन टोके होती.

९/
१८४३ मध्ये चंदुलाल पायउतार झाला. फौजेचे पगार थकू लागले, तेव्हा कंपनी स्वतःच्या खजिन्यातून ते भागवू लागली आणि रक्कम कर्ज म्हणून निजामाच्या नावे मांडू लागली. कंपनीचे अधिकारी असलेल्या फौजेला कंपनी पगार देत होती, आणि देणे चढत होते तिसऱ्याच्या खात्यावर.

१०/
लॉर्ड डलहौसीला या बांधकामातली फट दिसत होती. शांततेच्या काळात ही फौज ठेवण्यास १८०० चा तह निजामाला भाग पाडतो असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही, हे त्याने रेसिडेंट फ्रेझरशी झालेल्या खासगी पत्रव्यवहारात मान्य केले होते. मागणी मात्र थांबली नाही. निजामाने १८५१ मध्ये देण्याचा मोठा हिस्सा फेडला, पण पगार पुन्हा थकला. २१ मे १८५३ रोजी झालेल्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले.

११/
या तारणाचे ढोबळ वार्षिक उत्पन्न ५० लाखांच्या आसपास धरले होते. पुढे १८६० मध्ये जे उरलेले कर्ज माफ झाले, तेही ५० लाखांचेच होते. मुद्दलाइतके उत्पन्न दर वर्षी देणारे तारण धनकोच्या हाती आले होते. शिवाय ते कापसाचे रान होते, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची भूक कोणापासून लपलेली नव्हती.

१२/
प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. निजामाचा कारभार ढिसाळ होता, दरबारात उधळपट्टी होती, वसुलीला शिस्त नव्हती. सालारजंगाने १८५३ नंतर केलेल्या सुधारणांनी हे अप्रत्यक्षपणे सिद्धच केले. म्हणून उत्पन्न का घटले, या प्रश्नाच्या उत्तरात ऋणकोचा दोष निश्चित येतो. परंतु बोजा मुळात पेलण्याजोगा होता का, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. घसरलेल्या माणसाच्या चालण्यात खोट असू शकते. तेवढ्याने त्याच्या पाठीवरच्या पोत्याचे वजन कमी होत नाही.

१३/
त्या वजनाचा पुरावा तहातच सापडतो. नव्या तहाने कंटिन्जंटसाठी किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने एवढे प्रमाण ठरवले. त्यानंतर पायदळाच्या आठ पलटणींच्या सहा झाल्या. खर्चाची जबाबदारी कंपनीच्या हिशेबात आली आणि कमी फौजेतही भागू लागले! हीच काटकसर दहा वर्षे आधी झाली असती, तर थकबाकी एवढी फुगली नसती.

१४/
सालारजंगाने हिशेबच पुन्हा मांडला. सिकंदराबाद आणि जालना छावण्यांतले अबकारी उत्पन्न कंपनीने अनेक वर्षे स्वतःकडे ठेवले होते. ते जमेस धरा, मग कर्ज किती उरते ते सांगा, असा त्याचा दावा होता. १८६० मध्ये ५० लाख माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. पण ते १८५७ मधल्या निष्ठेचे बक्षीस म्हणून मिळाले. हिशेबातली चूक कोणी कबूल केली नाही. वऱ्हाडाचा वार्षिक जमाखर्च निजामाला दाखवण्याचे कलमही त्याच तहात गळाले. कर्ज संपले, तारण मात्र सुटले नाही. सालारजंगाने १८७० च्या दशकात ते सोडवण्याचे केलेले प्रयत्न व्यर्थ गेले आणि १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टा करून घेतला.

१५/
विशेष म्हणजे तेच इंग्रज राज्य दुसरीकडे नेमका हा दुसरा प्रश्न विचारायला शिकले. अमेरिकेतले यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जे दख्खनच्या शेतकऱ्याच्या गळ्याशी आली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला कर्जरोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला आणि ऐपत पाहून हप्ते बांधून देण्याची वाटही मोकळी केली. हा कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. रोख्यावरची सही हा व्यवहाराचा शेवटचा शब्द नव्हे, हे तत्त्व रयतेच्या बाबतीत मान्य झाले. संस्थानाच्या बाबतीत ते सरकारला कधीच आठवले नाही, कारण तेथे सावकार सरकार स्वतःच होते.

१६/
स्वतंत्र भारतानेही या प्रश्नाला अर्धाच हात घातला. भाडेखरेदीचा कायदा संसदेने १९७२ मध्ये केला. किमतीचा ठरावीक हिस्सा भरून झाल्यावर न्यायालयाला विचारल्याशिवाय वस्तू ओढून नेता येऊ नये, अशी तरतूद त्यात होती. तो कायदा प्रत्यक्षात कधीच लागू झाला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. पावसाने दगा दिल्यावर दारातला ट्रॅक्टर नेला जातो, तेव्हा शेतकऱ्याला अजूनही पहिलाच प्रश्न विचारला जातो.

१७/
वऱ्हाडाचा इतिहास प्रत्येक कर्जदाराला निर्दोष ठरवत नाही. हिशेब कोणत्या दिवसापासून मांडायचा, एवढे मात्र तो स्पष्ट सांगतो. थकबाकीच्या दिवसापासून मांडला तर ऋणको नेहमीच हरतो. सहीच्या दिवसापासून मांडला, त्या दिवशीचे उत्पन्न, त्या दिवशीचा बोजा आणि त्या दिवशी ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक हे तिन्ही तपासले, तरच न्याय संभवतो. निजामाला तो हिशेब मिळाला नाही. त्याच्या रयतेला तर कोणी खातेवहीच दाखवली नव्हती.