नृत्यमंडळीचा बोलपट

नृत्यमंडळीच्या अंतरंगाचे दोन बोलपट १९४८ साली झळकले: विलायतेत ‘द रेड शूज’ आणि आपल्याकडे उदय शंकर यांचा ‘कल्पना’. पहिल्यातील नर्तिका प्रेम की नृत्य या पेचात जीव गमावते. दुसऱ्यातील नायकाला हिमालयात कलाकेंद्र चालविण्यासाठी धनिकांची मनधरणी करावी लागते. आम्हांस दुसरा अधिक खरा वाटतो. उदय शंकरांचे अल्मोड्याचे केंद्र १९४४ साली पैशाअभावीच बंद पडले होते. नाटक मंडळ्यांची कर्जे ठाऊक असलेल्या मराठी घरांना हे नवल नाही.

त्याच केंद्रात वावरलेल्या शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ काढली. त्यांच्या ‘रामायणा’त माणसे कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे नाचत. (बॅले म्हणताच नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर ध्यानी घ्यावे.) क्षयाने गांजलेले बर्धन १९५४ साली वारले, गुल बर्धन व प्रभात गांगुली यांनी मंडळी मोडू दिली नाही. १९६४ साली ती ग्वाल्हेरास आली, पुढे भोपाळला स्थिरावली.

नर्तिकेच्या आसवांवर बोलपट पुष्कळ निघतात. या मंडळीची पंगत, तालीम, मुखवटे आणि जमाखर्च यांवर कोणी काढील काय? जुन्या नर्तकांच्या आठवणी ऐकावयास बऱ्हाणपुराहून भोपाळ काही फार लांब नाही.