तलवार आणि राजदंड

“देश एकदां लष्कराच्या हातीं द्यावा, म्हणजे सारें सुरळीत होईल,” हें मत गांवच्या पारावर, बाजारांत आणि आगगाडीच्या डब्यांत वारंवार ऐकूं येतें. असें बोलणारे लोक वाईट नसतात. लांचलुचपतीला आणि दिरंगाईला ते कंटाळलेले असतात. परंतु ज्या जिल्ह्यांत आपण राहतों, त्या जिल्ह्यानें सेनापतीचें राज्य प्रत्यक्ष अनुभविलें आहे. म्हणून परभणीकरांनीं तरी या मताची परीक्षा इतिहासाच्या साक्षीनें करावी, असें आम्हांस वाटतें.

बोरी, जिंतूर तालुका व सारा परभणी जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. ता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा संस्थानांत शिरल्या. १७ तारखेस निजामानें माघार घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या फौजेचे सेनापती एल इद्रूस यांनीं मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढें शरणागती पत्करली. त्याच चौधरींच्या हातीं संस्थानाचा कारभार आला. कालपर्यंत रणगाड्यांचा अधिपति असलेला शिपाईगडी लष्करी गव्हर्नर झाला.

त्या राजवटीचें श्रेय तिला दिलेंच पाहिजे. रझाकारांचा जुलूम संपला. १९४९ सालीं निजामाच्या खासगी मालकीचा ‘सर्फेखास’ मुलूख सरकारांत सामील झाला आणि जहागिरी बरखास्त झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या जहागीरदाराच्या कचेरीपुढें हात जोडून उभ्या राहिलेल्या कुळांना याचें मोल काय वाटलें असेल, हें आजच्या मुलांनीं आपल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणींतून जाणून घ्यावें.

परंतु नाण्याची दुसरी बाजू झांकून ठेवणें हें विद्येला शोभत नाहीं. रझाकारांनीं आधींच पोळलेल्या या मुलखांत, फौजा येतांच सूडाचा वणवा पेटला व त्यांत असंख्य निरपराध मुसलमान बळी पडले. केंद्र सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीनें मृतांचा आंकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा अंदाज केला. आणि उस्मानाबाद व नांदेड हे जिल्हे अतिशय होरपळलेल्यांत गणले. तो अहवाल कित्येक दशकें प्रजेपुढें आला नाहीं. त्या काळांत हैदराबादेंत लोकांनीं निवडलेलें विधिमंडळ नव्हतें. विधवेनें आपला प्रश्न कोणामार्फत विचारावा? राज्यकर्ता सज्जन असला तरी त्याला जाब विचारण्याची जागाच नसेल, तर त्याचें सौजन्य प्रजेच्या कितीसें उपयोगी पडणार?

तथापि त्या राजवटीची एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते: ती संपली. १९४९ च्या अखेरीस चौधरी त्या पदावरून दूर झाले व आपल्या सैन्यांत परत गेले. ता. २६ जानेवारी १९५० पासून वेल्लोडी हे मुलकी अधिकारी मुख्यमंत्री झाले आणि १९५२ सालीं निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव यांचें मंत्रिमंडळ आलें. चौधरी पुढें १९६२ मध्यें सरसेनापती झाले. १९६५ चें युद्ध त्यांच्याच कारकीर्दींत झालें. आणि १९६६ मध्यें मुदत भरतांच ते निवृत्त झाले. गोव्यांतही तसेंच घडलें. डिसेंबर १९६१ मध्यें मेजर जनरल कँडेथ तेथें लष्करी गव्हर्नर झाले व जून १९६२ मध्यें मुलकी कारभार सुरू झाला.

आतां स्पेनकडे पाहूं. तेथें १९३६ ते १९३९ या यादवी युद्धांत जिंकून जनरल फ्रँको सर्वाधिकारी झाला. त्याचा सहकारी जनरल मुन्योस ग्रांदेस हा आधीं एकमेव राजकीय पक्षाचा चिटणीस झाला. नंतर हिटलरच्या बाजूनें रशियांत लढावयास गेलेल्या स्पॅनिश तुकडीचा नायक झाला. १९५१ पासून १९५७ पर्यंत सेनामंत्री आणि १९६२ पासून १९६७ पर्यंत सरकारचा उपाध्यक्ष होता. शौर्य त्याच्या अंगीं होतें. परंतु त्याला अधिकार दिला तो फ्रँकोनें, आणि काढून घेतला तोही फ्रँकोनेंच; प्रजेला कोणीं विचारलेंच नाहीं. फ्रँको १९७५ सालीं मरण पावला, तेव्हां कोठें त्या देशाला मोकळी वाट दिसली. १९७७ सालीं तेथें पुन्हां मुक्त निवडणूक झाली.

दोन्ही सेनापतीच, मग भेद कोठें? आमच्या मतें तो व्यक्तीच्या गुणांत नसून व्यवस्थेंत आहे. चौधरींच्या वर निर्वाचित सरकार होतें. मुन्योस ग्रांदेसच्या वर केवळ दुसरा सेनापती होता. कबड्डीच्या संघनायकाच्याच हातीं पंचाची शिटी दिली, तर तो कितीही प्रामाणिक असो, प्रतिपक्षाला न्यायाचा भरंवसा वाटेल काय? सैन्याची शिस्त आज्ञापालनावर उभी असते, आणि रणांगणावर ती योग्यच आहे. राज्यकारभाराला मात्र प्रश्न विचारणारा नागरिक लागतो.

विद्यार्थिमित्रांनो, सैनिकांच्या शौर्याचा आदर अवश्य करा. तुमच्यापैकीं कोणी सैन्यांत गेल्यास आम्हांस अभिमानच वाटेल. पण लांचखाऊ कारभाराचा कंटाळा आला म्हणून आपला प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाच्याही पायांशीं ठेवूं नका. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलांनीं घरीं ‘कां?’ असें विचारल्यास त्यांना गप्प बसवूं नये. जो मुलगा घरांत नम्रपणें कारण विचारावयास शिकतो, तोच उद्यां राज्यकर्त्याकडे हिशेब मागूं शकेल.